सी, कोलन, उलटी तिरकी रेघ

३ जून, दुकान

प्रिय बटण्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. ऑफिसात तुला सर म्हणत असतील, म्हणोत बापडे. चौथ्या वर्षी आईच्या डब्यातलं कोटाचं बटण गिळून ज्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, तो माझ्यासाठी बटण्याच राहणार.

दोन वर्षं आपण बोललो नाही. त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. लिहायचं होतं ते दुसरीकडे लिहिलं आहे, आणि कुठे ते सांगायलाच हे पत्र आहे.

मी वेबसाइट केली आहे. हसू नकोस. स्वतः केली, हाताने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. वाचनालयात ग्रंथपालबाईंनी पन्नाशीच्या पुढच्यांसाठी वर्ग काढला होता. आम्ही सहा जण होतो. त्यातल्या दोघांना फक्त पंख्याखाली बसायचं होतं. राहिलो चौघं, आणि पूर्ण केली ती मी एकटीने.

कारण तुझी कंपनी आणि तिचा तो चव्हाटा. ज्या चव्हाट्यावर सगळं जग रोज सकाळी उठून आपला चहा दाखवायला येतं, तिथे माझंही खातं होतं हे तुला ठाऊक आहे. अकरा वर्षं मी तिथे शिवलेल्या कपड्यांचे फोटो टाकले. मग दुकानात तीन नवे पुतळे आणले, कोट अडकवायला. कौतुकाने त्यांचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी खातं बंद! कारण काय, तर नग्नता. अरे, त्यांना डोकं नाही, हात नाहीत, खाली एकच लाकडी पाय! त्यात कोणाला काय दिसलं देव जाणे. मी तक्रार केली, तर दोन सेकंदांत उत्तर आलं : "आपलं म्हणणं आम्ही अत्यंत काळजीपूर्वक तपासलं आहे." दोन सेकंदांत मी सुईत दोरासुद्धा ओवत नाही.

तुला सांगून खातं उघडून घेता आलं असतं, असं हे म्हणाले. मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. म्हणून मग स्वतःचंच घर बांधलं. तिथे कोणी येऊन सांगणार नाही की पुतळ्याला परकर नेसवा.

घराला तीन खोल्या आहेत. पहिलीत दुकान, दुसरीत जुने कपडे कसे दुरुस्त करावेत त्याची माहिती. तिसरी खोली तुझ्यासाठी आहे. तू ती वाचावीस एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप, आता सांगून टाकते. पत्ता नीट टाईप कर, एक अक्षर चुकलं तर उघडणार नाही. आधी सी, मग कोलन, मग उलटी तिरकी रेघ, मग 'दुकान', पुन्हा उलटी तिरकी रेघ, मग 'ताई', मग टिंब, आणि शेवटी ती चार अक्षरं, जी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

वाचून झालं की कळव. फोन नको. फोनवर मला तुझा आवाज ऐकू आला की मी भांडते.

ताई


१९ जून, दुकान

बटण्या,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो, असं हे म्हणाले. मी मान्य केलं. यांचं मी वर्षातून दोनदा मान्य करते, त्यातलं एक झालं.

इथे मात्र वेबसाइटचं काय कौतुक चाललंय! पत्त्याची साठ कार्डं छापून घेतली आणि सगळ्या नातेवाइकांना, जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली. मामांचा फोन आला, "फार सुरेख झाली आहे हो, विशेषतः रंगसंगती." रंगसंगती? पांढऱ्यावर काळी अक्षरं आहेत, दुसरा रंग मला अजून येत नाही. पण मामांची नजर पूर्वीपासूनच वेगळी. आत्या म्हणाली, "वाचता वाचता डोळे भरून आले गं." मी म्हटलं, काय वाचून? तर म्हणे, "सगळंच." कोटाचं अस्तर कसं बदलावं हे वाचून आत्या रडली, मोठ्या मनाची बाई. धाकट्या काकांनी तर सांगितलं की आपण ती रोज उघडतो, सकाळी फिरून आल्यावर.

तुमच्या चव्हाट्यावर अंगठा दाखवला की झालं. इथे माणसं फोन करून सांगतात. याला म्हणतात कौतुक.

पाहुण्यांची संख्या मी पानाच्या तळाशी लिहिते. वर्गात कोणीतरी म्हणालं की ते आपोआप मोजणारं यंत्र मिळतं. मला नको. मी रोज दुकान बंद करताना स्वतः बदलते. ज्यांनी सांगितलं ते सगळे, शिवाय दुकानात येऊन ज्यांनी पाहिली ते, शिवाय हे. हे रोज तीनदा येतात, पण मी त्यांना एकच धरते, प्रामाणिकपणे. आजचा आकडा सत्तावन्न. अभिप्रायाची वही मात्र कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवली आहे, सुतळीला पेन बांधून. त्यात आतापर्यंत "उत्तम" सहा वेळा आलंय, "पँटची उंची अजून अर्धा इंच कमी करा" दोनदा, आणि एकाने नुसतं आपलं मोजमाप लिहून ठेवलंय.

तू आता म्हणशील, ताईला हे जमलं कसं. अरे, आपल्याच धंद्यासारखं आहे ते! अक्षरं जाड हवी असली की शब्दाच्या आधी एक खूण घालायची आणि शब्द संपला की बंद करायची खूण. टाका घातला की शेवटी गाठ मारायची, तसंच. पहिल्या दिवशी मी गाठ मारायला विसरले आणि 'प्रिय गिऱ्हाइकांनो' पासून खाली सगळं पान जाड झालं, दुकानाचा पत्ता, वेळा, सुट्टीचा दिवस, सगळं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही ओरडताय असं वाटतंय." हे मागून म्हणाले, "मग बरोबर आहे की." पानाची रुंदी मी टेप लावून घेतली. पडदा साडेएकोणीस इंच, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवण सोडली, साडेअठरात बेतलं. एका बाजूला खडूची खूणही केली होती काचेवर, ती पुसायची राहिली.

ग्रंथपालबाई शेवटच्या तासाला "आता हे पान बाहेर कसं पाठवायचं" ते शिकवणार होत्या. त्या दिवशी माझ्याकडे एकाच शाळेचे चाळीस गणवेश होते, म्हणून मी गेले नाही. पान तर तयारच होतं. आणखी काय शिकायचं राहिलं होतं?

तू तिसऱ्या खोलीत गेलास का? फक्त हो किंवा नाही लिहून पाठव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

ताई


८ जुलै

बटण्या,

पस्तीस दिवस झाले. चव्हाट्यावर तुला कोणी "हॅलो" म्हटलं तर तू पाच मिनिटांत उत्तर देतोस, हे मी स्वतः पाहिलं आहे. सख्ख्या बहिणीच्या दोन पत्रांना नाही. बरं.

ठीक आहे. तू आत जाऊन वाचणारच नसशील तर मीच सांगते तिथे काय आहे. माफी इथे मागणार नाही. सगळ्यांदेखत बोलले होते, तर मागे घ्यायचं तेही सगळ्यांदेखत. म्हणून तर घर बांधलं. पण तिथे काय लिहिलंय ते सांगते.

आई गेली त्या दिवशी तू चव्हाट्यावर तिचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्यास, आणि मी खाली लिहिलं, "आईचा फोन उचलायला वेळ नव्हता, इथे रडायला बरा वेळ मिळाला." तुझे साहेब, तुझे मित्र, सगळे नातेवाईक असतील तिथे. शेकडो. दुसऱ्या दिवशी तू आलास, सगळं केलंस, माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस आणि गेलास. मी म्हटलं, खरं झोंबलं.

आठवड्याने शेजारच्या नर्सबाई आल्या, आईचं औषधाचं सामान परत द्यायला. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ आता बुधवारी कोणाला फोन करणार हो?" मी विचारलं, कसला फोन? तर दर बुधवारी दुपारी, मी दुकानात असताना, तू तासभर आईशी बोलायचास. नर्सबाई फोन धरून बसायच्या. दीड वर्ष! आणि संध्याकाळी मी घरी गेले की आई मला सांगायची, "त्याला कुठे वेळ असतो गं माझ्यासाठी." तुला काय सांगायची तेही नर्सबाईंनी सांगितलं : "ताई दिवसभर दुकानात, मी इथे एकटी." आपल्या आईने दोघांकडून मिळून दुप्पट लाड करून घेतले, बटण्या! मला हसू आलं आणि मग खालीच बसले.

पहिल्या पत्रात मी पुतळ्यांचं सांगितलं. ते खातं बंद झालं त्यामुळे मला ते वाक्य काढता आलं नाही, असं मी यांना, ग्रंथपालबाईंना आणि स्वतःलाही सांगत आले. खरं असं की नर्सबाई आल्या मंगळवारी आणि खातं बंद झालं गुरुवारी. मधे दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी ते पान उघडलंसुद्धा नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलं असेल ते बघायची छाती झाली नाही माझी.

तर तिसऱ्या खोलीत मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलंय, त्यावर आडवी रेघ मारली आहे, आणि खाली लिहिलंय की हे खोटं होतं, माझा भाऊ दर बुधवारी फोन करत होता, आणि हे मी सर्वांसमोर मागे घेते. महिनाभर ते तिथे उघड्यावर आहे. एकसष्ट लोकांनी पाहिलंय. फक्त तू नाही.

ताई


१६ जुलै

बटण्या,

दुकानाबाहेर कोणीही पाहिलेलं नाही.

थांब, नीट सांगते. आज एक बाही उलटी लावली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

काल ग्रंथपालबाई झग्याचं माप द्यायला आल्या. काउंटरवरचं कार्ड उचललं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाल्या, "ताई, ही साठ जणांना पाठवलीत?" मी म्हटलं, एकसष्ट, एक भावाला पत्रातून. त्या स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "ताई, हा तुमच्या दुकानातल्या या कॉम्प्युटरचा आतला पत्ता आहे. म्हणजे तुम्ही लोकांना कपाटातला कप्पा सांगितलात, घर कुठे आहे ते सांगितलंच नाहीत. हे पान या पेटीच्या बाहेर कधी गेलेलंच नाही."

मी म्हटलं, असं कसं, मामांना रंगसंगती आवडली!

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

लगेच मामांना फोन लावला. म्हटलं, मामा, पानावर कोणकोणते रंग आहेत? मामा आधी खोकले. मग म्हणाले, "निळा... नाही का?" आत्याला विचारलं, तर तिने आधी चष्म्यावर ढकललं, मग इंटरनेटवर, मग कबूल केलं की अख्खी सकाळ घालवून काही उघडलं नाही आणि "मलाच येत नसेल" म्हणून लाजेने बोलली नाही. धाकटे काका रोज सकाळी उघडायचे ना? काकांकडे कॉम्प्युटरच नाही! साठ माणसं, बटण्या, आणि एकानेही म्हटलं नाही की बाई, उघडत नाही. सगळ्यांनी छान छान म्हटलं. मी चव्हाट्याला नावं ठेवत होते, आणि हे तर बिनतारेचे अंगठे! आणि मी ते मोजून तळाशी लिहीत होते. हे हसून हसून पुतळ्याला टेकले आणि पुतळा पडला.

हसायचं ते मीही हसले. मग आठवलं की मागच्या पत्रात मी तुला काय काय सुनावलंय. तू वाचलंच नव्हतंस, कारण वाचायला काही नव्हतंच. आणि तुझं उत्तर नाही म्हणून मी महिनाभर तुझ्या नावाने चरफडत होते.

ग्रंथपालबाईंनी काल बसूनच पान बाहेर पाठवलं. खरा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, त्यांच्या अक्षरात, माझ्यावर आता कोणाचा विश्वास नाही. सगळ्यांना नवी कार्डं गेली, जवळच्यांना फोनवरही सांगितलं. खोटं बोललेले सगळे आता घाईघाईने वाचताहेत, इतकं की आज दुकानातला फोन खाली ठेवता येत नाही. पण मामा काय म्हणाले ठाऊक आहे? "काय गं, असं बोलली होतीस तू त्याला? आम्हाला माहीतच नव्हतं!" आत्या तेच. काका तेच. मी म्हटलं, अहो, सगळ्यांसमोर तर लिहिलं होतं, तुम्ही सगळे होतात की तिथे. तर म्हणे, छे, आम्ही असलं काही पाहिलंच नाही.

आता मला काहीच कळत नाहीये. तू सांग.

ताई


३० जुलै, दुकान

बटण्या,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमन देऊन गेला तेव्हा माप घेत होते, टेप गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती तसाच सोडून वाचायला बसले. तो बिचारा दहा मिनिटं हात वर करून उभा होता.

तर तू लिहितोस की माझं वाक्य तू लगेच पाहिलंस, आणि चार मिनिटांत ती अख्खी पोस्ट काढून टाकलीस. चार मिनिटं! तेवढ्यात ना मामांनी पाहिलं, ना साहेबांनी. जगात ते वाक्य फक्त तू वाचलंस. आणि मी दोन वर्षं समजत होते की तुझी अब्रू चव्हाट्यावर टांगलेली आहे. आणि आता ती मीच टांगली. हाताने, जाड अक्षरांत. मामांनी तुला फोन करून दोन वर्षांनी सांत्वन केलं, हे वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मात्र लिहितोस की फोन ठेवल्यावर खूप दिवसांनी पोट धरून हसलास. हस.

माझं खातं उघडायचा प्रयत्न तू स्वतः दोनदा केलास, आणि तुलाही "अत्यंत काळजीपूर्वक तपासलं आहे" हेच उत्तर आलं, हे मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तेवढं एक समाधान.

पण त्याच्या खाली जे लिहिलंयस, ते मी कोणाला वाचून दाखवलं नाही. पहिलं पत्र वाचलंस त्याच क्षणी तुला कळलं होतं की ही वेबसाइट दुकानाच्या कॉम्प्युटरबाहेर पडलेली नाही! एवढा मोठा इंजिनीअर, एका ओळीत सांगता आलं असतं. आणि नाही सांगितलंस. का, तर, "सांगितलं असतं तर तू ती नीट लावली असतीस आणि पत्रं लिहायचं थांबवलं असतंस. दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसत होतं. मला आणखी पत्रं हवी होती."

अरे गाढवा! साठ माणसांपुढे माझी फजिती होऊ दिलीस! थोबाडीत द्यावीशी वाटली तुला, आणि मग मशीनवर डोकं टेकून रडले. गिऱ्हाईक म्हणालं, "मी नंतर येऊ का?"

शेवटी तू लिहितोस, "ते वाक्य मी एकट्याने वाचलं होतं ताई. मागे घ्यायचं तर मला एकट्याला सांग. ती खोली काढून टाक."

काढली. आज सकाळी. आता दोनच खोल्या आहेत, दुकान आणि दुरुस्ती, आणि लोक अजून येताहेत. एका बाईंनी, ज्यांना मी ओळखतही नाही, कुठूनतरी दूरवरून लिहिलं की अस्तर बदलण्याची माहिती वाचून त्यांनी वडिलांचा कोट दुरुस्त केला. तो अभिप्राय मी वहीत स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला.

राहिलं तुझं. सकाळपासून हे पत्र लिहितेय. मधे तीन गणवेश शिवले, इस्त्री केली, दुकान झाडलं, पुतळ्यांना कपडे घातले, ते काढून दुसरे घातले. सगळ्यांसमोर लिहायला एवढा वेळ लागला नव्हता. तिथे नुसतं लिहून रेघ मारायची होती. इथे तू आहेस समोर.

आई गेली तेव्हा मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये एकटीच होते रे. हे औषधं आणायला खाली गेले होते. तुला फोन लावला, तो लागला नाही, म्हणून निरोप ठेवला. मग तुझा फोन यायची वाट बघत बसले आणि फोनच्या पडद्यावर तुझा फोन येण्याच्या आधी तुझी पोस्ट आली. आईचा फोटो, चार ओळी. सगळ्या जगाला सांगितलंस आणि मला नाही. मला वाटलं, आपण दोघंच उरलो आणि हा मला सोडून बाकी सगळ्यांशी बोलतोय. त्याचा राग होता तो. तो सांगायचा सोडून मी ते दुसरंच बोलले, तुला सगळ्यात जास्त लागेल असं, आणि ते खोटं निघालं.

चुकलं माझं, बटण्या. तुझ्याशी असं बोलायला नको होतं. माफ कर मला.

हे पत्र पोस्टात टाकायला यांच्या हाती देत नाही. वाटेत चहाच्या टपरीवर उघडून वाचतील आणि वर मला अभिप्राय देतील. मी स्वतः जाते. डिंकावर भरवसा नाही म्हणून पाकिटाच्या तोंडावर मशीन मारली आहे, दुहेरी शिवण. उसवायला बारीक कात्री घे. दाताने तोडू नकोस, तुझी खोड आहे ती.

ताई